कृष्णधवल व्यक्तिचित्रात माणूस कधी दिसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली दोन वर्षे तुम्ही आपल्या गावातील वयस्क कारागिरांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे काढत आहात. खिडकीतून एका बाजूने येणारा प्रकाश, मागे काळा कपडा, ८५ मिलिमीटरची लेन्स, डोळ्यांवर अचूक फोकस, असे सगळे जागच्या जागी आहे. तरीही तुमचा कुंभार, तुमचा शिंपी आणि तुमचे निवृत्त गुरुजी चित्रांत एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. घरची मंडळी चित्र पाहून ‘फोटो छान आलाय’ एवढेच म्हणतात. ‘हे अगदी आमचे आबाच’ असे कोणी म्हणत नाही. विसाव्या शतकातील आधुनिकतावादी छायाचित्रकारांनी समोरच्या माणसाचा स्वभाव कसा टिपला आणि तसे जमण्यासाठी फिल्मचा कॅमेरा घ्यावा काय, असे तुम्ही विचारले आहे.

कॅमेऱ्याचे आधी सांगतो: घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुम्ही पाठवलेली बारा चित्रे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्या बाराही चित्रांत बोलतो आहे तो प्रकाश. कपाळावरची प्रत्येक आठी, गालावरची प्रत्येक सुरकुती तिरप्या उजेडाने उठून आली आहे आणि पाहणाऱ्याला वाटते की या माणसाने फार सोसले आहे, हा फार खोल आहे. परंतु हा सोसलेपणा त्या माणसाने दिलेला नाही, तो खिडकीने दिलेला आहे. वयस्क त्वचेवर नव्वद अंशांतून कडक प्रकाश टाकला की कोणाचाही चेहरा गंभीर आणि अनुभवी दिसतो. त्यात कुंभार कोण आणि गुरुजी कोण, याला काही स्थान उरत नाही.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नका, कारण याचा जवळजवळ शास्त्रीय म्हणावा असा प्रयोग होऊन गेला आहे. हेल्मर लेर्स्की हे मूळचे रंगभूमीवरचे नट, पुढे चलच्चित्रांचे कॅमेरामन आणि छायाचित्रकार. १९३१ साली बर्लिनमध्ये त्यांचा ‘रोजच्या जीवनातील चेहरे’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह निघाला, त्यात साध्या कष्टकऱ्यांची डोकी चौकटभर मोठी करून दाखवली होती. पुढे १९३६च्या सुमारास तेल अवीव येथील एका गच्चीवर त्यांनी एकाच माणसाला उन्हात बसवले आणि आरसे व परावर्तक पडदे यांनी सूर्यप्रकाश त्याच्या चेहऱ्यावर नाना दिशांनी वळवला. आरशांची संख्या कधी कधी सोळापर्यंत जाई. त्या एका माणसाची त्यांनी पाऊणदोनशेच्या घरात चित्रे केली. पाहत गेले तर त्यांत योद्धा दिसतो, संत दिसतो, थकलेला मजूर दिसतो, मृत्यूनंतर घेतलेला मुखवटाही दिसतो. माणूस तोच, ऊनही तेच, बदलले ते फक्त आरसे. लेर्स्की यांना नेमके हेच दाखवायचे होते आणि त्या अर्थाने ते काम थोर आहे. परंतु प्रकाशाने स्वभाव उलगडतो असे मानणाऱ्या प्रत्येकाने ती चित्रे एकदा तरी लक्ष देऊन पाहावीत, कारण प्रकाश स्वभाव उलगडत नाही, तो हवा तो स्वभाव चेहऱ्यावर चढवू शकतो, हे तिथे निर्विवाद दिसते.

मग स्वभाव दिसतो कशात? माझा अनुभव असा की, स्थिर बसलेल्या चेहऱ्यात तो फारसा नसतो. समोर आलेल्या परिस्थितीला माणूस जे उत्तर देतो, त्यात तो दिसतो. परिस्थिती म्हणजे कॅमेरा, कॅमेऱ्यामागचा माणूस, बसायला दिलेली जागा, हातातली वस्तू, लागणारा वेळ. ज्यांची नावे आपण आदराने घेतो त्यांनी आपापल्या पद्धतीने एक ठरावीक परिस्थिती उभी केली, ती माणसामागून माणसाला तशीच दिली आणि प्रत्येकजण तिच्याशी कसा वागतो ते नोंदवले. आधुनिकतावादी व्यक्तिचित्राकडे या बाजूने पाहिले की त्यातली कितीतरी कोडी सुटतात.

त्याआधीची रीत काय होती, हे आठवणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलात्मक छायाचित्रण म्हणजे मऊ, धूसर, चित्रकलेची आठवण करून देणारे काम असे समीकरण झाले होते, तर धंद्याच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची आणि निगेटिव्हवर पेन्सिलने केलेले रिटचिंग चाले. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी या दोन्हींकडे पाठ फिरवली. १९१६ साली त्यांनी रस्त्यावरच्या एका अंध स्त्रीचे चित्र घेतले. तिच्या गळ्यात ‘अंध’ असे लिहिलेली पाटी आणि वर फेरीवाल्याचा परवान्याचा बिल्ला आहे, बाकी काही नाही. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा १९१७चा शेवटचा अंक स्ट्रँड यांच्या कामाला वाहिलेला होता आणि हे चित्र त्यात आहे. रस्त्यावरची ही चित्रे घेताना लोकांना कळू नये म्हणून स्ट्रँड यांनी कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली होती, म्हणजे कॅमेरा वेगळ्याच दिशेला रोखलेला वाटावा. चित्र विलक्षण आहे, पण तुम्ही या वाटेने जाऊ नये असे मला मनापासून वाटते. जिला दिसत नाही तिच्यापासूनही कॅमेरा लपवून घेतलेल्या चित्रात तिच्या बाजूने काही उत्तर नाही. जे आहे ते सगळे पाहणाऱ्याच्या बाजूने आहे.

याच्या अगदी उलट टोकाला जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर आहेत, आणि तुमच्या कामासाठी तेच खरे गुरू आहेत. १८७६ साली जन्मलेला, खाणीत सुतारकाम करणाऱ्या बापाचा हा मुलगा पुढे कोलोन शहरात स्टुडिओ चालवू लागला आणि ‘विसाव्या शतकातील माणसे’ या नावाने जर्मन समाजाचा चित्रसंग्रह करण्याचे काम त्याने आयुष्यभर चालवले. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, व्यावसायिक, कलावंत, शहर आणि शेवटी समाजाच्या कडेला पडलेली माणसे असे त्याचे सात गट होते. त्यातली साठ चित्रे १९२९ साली पुस्तकरूपाने आली. नाझी राजवटीने १९३६ साली त्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. आर्यवंशाच्या आदर्श चेहऱ्याची जाहिरात करणाऱ्यांना हे इतके तऱ्हेतऱ्हेचे आणि इतके खरे जर्मन चेहरे परवडणारे नव्हते, हे उघड आहे.

झांडर यांचा मिठाईवाला नीट पाहा. १९२८चे चित्र आहे. गोल डोक्याचा, भरल्या अंगाचा माणूस पांढरा लांब कोट घालून आपल्या कामाच्या जागी उभा आहे. हातात मोठे भांडे आहे, दुसऱ्या हाताने तो ते ढवळतो आहे आणि तसाच आपल्याकडे बघतो आहे. प्रकाश साधा आहे, इतका की त्याच्याकडे लक्षच जात नाही. चौकटीत माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत आहे, आणि बूट चकचकीत आहेत. पीठ उडणाऱ्या जागी काम करणाऱ्या माणसाने पॉलिश केलेले बूट घातले आहेत, यातून त्याचा स्वतःविषयीचा सगळा आब कळतो. तुम्ही ८५ मिलिमीटरने गळ्यापाशी चौकट कापली असती तर हे बूट गेले असते आणि एक जाड, कठोर चेहरा तेवढा उरला असता.

झांडर काचेच्या प्लेटवर, स्टँडवर ठेवलेल्या मोठ्या कॅमेऱ्याने काम करत. एक्सपोजरला वेळ लागे, माणसाला थांबावे लागे. थांबायचे म्हटले की माणूस स्वतःला सावरतो, आणि कसा सावरतो हीच पाहण्याची गोष्ट असते. १९१४ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात तीन तरुण शेतकरी काळे सूट, हॅट आणि काठ्या अशा थाटात नाचाच्या कार्यक्रमाला निघाले आहेत आणि वाटेत मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. काठी प्रत्येकाच्या हातात आहे, पण धरण्याची तऱ्हा तिघांची वेगळी आहे. एकच परिस्थिती आणि तीन उत्तरे, असे त्या चित्राचे वर्णन करता येईल. आपल्याकडे मात्र आपण कारागिराला सांगतो, ‘नेहमीसारखे बसा, सहज राहा’. माणसाला सहज राहा म्हटले की तो गोंधळतो. त्यापेक्षा ‘तुम्हाला कसे दिसावेसे वाटते तसे उभे राहा, मला दहा मिनिटे लागतील’ असे सांगून पाहा. तो टोपी घालील की काढील, शर्टाचे वरचे बटण लावील की नाही, चष्मा ठेवील की खिशात घालील, हे सगळे त्याच्यावर सोडा. विशेषतः चष्मा काढायला सांगू नका. काचेवरची चमक घालवायची तर दिवा थोडा वर घ्या.

अमेरिकेत छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९४८ साली हीच गोष्ट स्टुडिओच्या चार भिंतींत करून दाखवली. नाटकाच्या नेपथ्यात वापरतात तशा दोन उभ्या चौकटी एकमेकींना अरुंद कोनात जोडल्या आणि त्या सापटीत एकेका नामवंताला उभे केले. तिथे हातपाय पसरायला जागा नव्हती. कलावंत मार्सेल द्युशाँ पाइप घेऊन रेलून उभे राहिले, लेखक ट्रूमन कपोटी मोठ्या कोटात स्वतःला गुंडाळून खुर्चीवर गुडघे टेकून बसले, आणि चित्रकार जॉर्जिया ओकीफ त्या कोपऱ्यात ताठ आणि लहानशा दिसल्या. ही कोंडी लोकांना उलट दिलासा देणारी वाटली, असे पेन यांनी लिहून ठेवले आहे. मला यात नवल वाटत नाही. मोकळ्या पडद्यासमोर उभ्या केलेल्या माणसाला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, पण भिंत मिळाली की तिच्याशी काहीतरी करता येते. तुमच्या गावात यासाठी चौकटी नकोत. दाराची अरुंद बोळ, दोन कपाटांमधली फट, दुकानाची पायरी, इतके पुरेसे आहे.

अमेरिकेचेच छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांनी जागाच काढून घेतली. १९७९ ते १९८४ या काळात टेक्सासमधील एका संग्रहालयाच्या सांगण्यावरून त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, ट्रकचालक, भटके, खाटीक अशा शेकडो लोकांना पांढऱ्या कागदासमोर, सावलीत, मोठ्या कॅमेऱ्याने टिपले. छाया जवळजवळ नाहीत, पार्श्वभूमी नाही, उरले ते शरीर आणि कपडे. या कामात ॲव्हेडन कॅमेऱ्यामागे न लपता लेन्सच्या शेजारी उभे राहत, म्हणजे समोरचा माणूस यंत्राकडे न पाहता एका माणसाला सामोरा जाई. ही एक युक्ती तुम्ही उद्यापासून वापरू शकता. कॅमेरा स्टँडवर लावा, चौकट पक्की करा, केबल किंवा रिमोट हातात घ्या आणि बाजूला येऊन त्यांच्याशी बोला. मी हे करू लागलो त्या वर्षी माझी चित्रे जितकी बदलली, तितकी कोणत्याही नव्या लेन्सने बदलली नव्हती.

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण तुम्ही छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी घेतलेल्या चर्चिल यांच्या चित्राचा उल्लेख आदर्श म्हणून केला आहे. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे कॅनडाच्या संसदेत भाषण करून चर्चिल बाहेर आले, तेव्हा कार्श दिवे लावून तयार होते. चर्चिल सिगार सोडीनात, म्हणून कार्श यांनी पुढे होऊन ‘क्षमा असावी’ असे म्हणत तो त्यांच्या तोंडातून काढून घेतला आणि त्याच क्षणी चित्र घेतले. कपाळावरची ती आठी जगाने ब्रिटनच्या निर्धाराची खूण म्हणून वाचली. ती मुळात सिगार गेल्याची आठी होती. लगेच पुढे घेतलेल्या दुसऱ्या चित्रात चर्चिल हसत आहेत, आणि ते चित्रही तितकेच खरे आहे. ॲव्हेडन यांनीही १९५७ साली ब्रिटनचे राजपद सोडलेले ड्यूक ऑफ विंडसर आणि त्यांच्या पत्नी डचेस यांना, ती दोघे कुत्र्यांची शौकीन आहेत हे ठाऊक असताना, येताना आपल्या टॅक्सीखाली कुत्रा सापडल्याची बनावट हकिगत सांगितली आणि त्यांचे पडलेले चेहरे टिपले, असे ते स्वतःच सांगत. राज्य करणाऱ्या किंवा राज्य सोडलेल्या माणसांच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, कारण त्यांच्या हाती आपली प्रतिमा घडवायची इतर सगळी साधने असतात. तुमच्या शिंप्याजवळ तुमचे हे एकच चित्र राहणार आहे. त्याला डिवचून मिळवलेला भाव त्याचा म्हणून भिंतीवर टांगू नये.

याच्या जोडीला आपल्या पुण्याशी जोडलेले एक चित्र ठेवून पाहावे. १९४६ साली अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे चित्र घ्यायला आल्या, तेव्हा आधी सूत कातायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. त्या शिकल्या. मग कळले की तो गांधीजींचा मौनाचा दिवस आहे आणि फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी आहे. त्यांतले दोन वाया गेले, तिसऱ्याने चित्र दिले. चित्रात चरखा पुढे मोठा आहे आणि गांधीजी त्यामागे मान खाली घालून वाचत बसले आहेत. ते कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, सूतही कातत नाहीत. इथे अटी घातल्या त्या चित्र देणाऱ्याने, छायाचित्रकाराने नव्हेत, आणि त्या अटींतच त्या माणसाचा स्वभाव पुरता उतरला. माझ्या दृष्टीने हे व्यक्तिचित्रणातले फार मोठे उदाहरण आहे, आणि ते सिगार ओढून घेण्याच्या नेमके विरुद्ध दिशेचे आहे.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. मिरजेला तंबोरे घडवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे मी गेलो होतो. पहिल्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसले. मी खिडकीच्या उजेडात तीसेक चित्रे घेतली आणि ती सगळी तुमच्या चित्रांसारखी आली. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतच ठेवून त्यांचे काम पाहत बसलो. जवारी लावताना, म्हणजे तारेच्या नादाला गुंजन आणताना, ते तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर हलकेच कानस फिरवत, तार छेडत आणि मान डाव्या खांद्याकडे किंचित झुकवून थांबत. ते थांबणे दोन-तीन सेकंदांचे असे, त्यात डोळे उघडे असत पण कशाकडेही पाहत नसत, खालचा ओठ थोडा आत जाई. तिसऱ्या दिवशी मी फक्त त्या थांबण्याची वाट पाहिली. त्या चित्रात सुरकुत्या जवळजवळ दिसत नाहीत, कारण दारातून येणारा सपाट उजेड तोंडावर आहे. पण त्यांच्या नातवाने ते पाहताच हातवारे करून ‘आता म्हणतील, नाही, अजून नाही’ असे आजोबांचे वाक्य म्हणून दाखवले.

तंत्राचे दोन-तीन मुद्दे मात्र तुम्ही दुरुस्त करायला हवेत, कारण तेही स्वभावाच्या आड येतात. पहिला मुद्दा त्वचेच्या छटेचा. पाश्चात्त्य पुस्तकांतले बहुतेक मार्गदर्शन गोऱ्या त्वचेवर बेतलेले आहे. छायाचित्रकार आन्सेल ॲडम्स यांच्या झोन पद्धतीत, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा पायऱ्यांत मोजण्याच्या रीतीत, गोरी त्वचा मध्यम करड्या छटेच्या एक पायरी वर, म्हणजे सहाव्या झोनमध्ये ठेवायला सांगतात. आपल्याकडचा गव्हाळ चेहरा पाचव्या झोनच्या आसपास आणि सावळा चेहरा त्याच्याही खाली शोभतो. तुमच्या कुंभाराचा चेहरा तुम्ही संगणकावर दीड पायरी उजळ केला आहे, आणि तो ओळखू न येण्याचे ते एक मोठे कारण आहे. त्यांना आहेत तसे सावळे राहू द्या, फक्त कपाळावर आणि गालफडावर उजेडाची चमक येईल असा मोठा, मऊ प्रकाश द्या; त्यासाठी थर्माकोलची पांढरी पाटी पुरते.

दुसरा मुद्दा रंगीत फाइल कृष्णधवल करण्याचा. तुम्ही निळ्या रंगाला फार वजन दिले आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे तिच्यावर ओठ, डाग आणि तांबूस त्वचा गडद येई. निळ्यावर भर दिला की तसाच, किंबहुना त्याहून खरखरीत परिणाम होतो आणि प्रत्येक रंध्र ओरडू लागते. लाल रंगाकडे झुकले की त्वचा गुळगुळीत, मेणासारखी होते. हिरव्याच्या जवळपास राहा आणि बाराही चित्रांना एकच मिश्रण लावा, म्हणजे माणसामाणसांतला फरक माणसांचाच राहील.

तिसरा, अंतर. चेहऱ्याची ठेवण लेन्स ठरवत नाही, तुम्ही किती लांब उभे आहात ते ठरवते. दीड-दोन मीटरवर थांबून ५० मिलिमीटर लेन्सने कंबरेपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत चौकट घ्या. हात आत येऊ द्या. कारागिराचे हात चौकटीबाहेर ठेवणे मला तरी कधी समजले नाही.

निवडीबद्दलही बोलले पाहिजे. छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन यांनी १९४६ साली घेतलेले संगीतकार स्ट्राविन्स्की यांचे चित्र सर्वांना ठाऊक आहे: पियानोच्या उघड्या झाकणाचा प्रचंड काळा आकार आणि डाव्या कोपऱ्यात खाली लहानसे डोके. मूळ निगेटिव्हमध्ये चौकट बरीच मोठी होती. हा धीट आकार कापताना, टेबलावर बसून सापडला. स्टिग्लिट्झ यांनी तर जॉर्जिया ओकीफ यांची १९१७पासून वीस वर्षे तीनशेहून अधिक चित्रे घेतली, त्यांत नुसते हात आहेत, नुसती मान आहे, आणि या सगळ्यांना मिळून ते एक व्यक्तिचित्र मानत. तुम्ही प्रत्येक कारागिराकडे एकदाच गेला आहात. बारा माणसांकडे एकेकदा जाण्यापेक्षा तिघांकडे चार-चार वेळा जा. आणि निवड करताना सर्वांत देखणे चित्र लगेच उचलू नका. सहा-सात चित्रे लहान आकारात छापून त्यांच्या घरी न्या आणि त्यांच्या बायकोच्या, मुलांच्या हातात द्या. कोणत्या चित्रापाशी ती थांबतात ते पाहा, ती काय म्हणतात याकडे कमी लक्ष द्या.

सुरुवात शिंप्यापासूनच करा, असे मी सुचवीन. पुढच्या वेळी जाल तेव्हा सोबत कापड न्या आणि तुमच्याच शर्टाचे माप घ्यायला सांगा. कॅमेरा स्टँडवर, दुकानाच्या दारापाशी, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावून ठेवा. काळा कपडा घरीच राहू द्या, मागचे टांगलेले अर्धवट कपडे दिसू देत. ते टेप गळ्यात टाकतील, खडू कानामागे खोवतील आणि माप घेण्याआधी क्षणभर दोन पावले मागे सरून तुमच्या खांद्यांकडे बघतील. चाळीस वर्षे हजारो खांदे पाहिलेली ती नजर त्या वेळी तुमच्यावर असेल. तेव्हा रिमोट दाबा, आणि मग त्यांना माप घेऊ द्या.